पनवेलहून कराची किती लांब?

पोस्ट लांबलचक आहे. सवडीने वाचा, अर्धवट वाचून भांडू नका.

२५ डिसेंबरला आपल्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. पहिलं विमान उतरलं ते बंगळूरहून आलेलं. त्यानंतर आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. कोण पुलावर उभं राहून विमानाचा फोटो काढतोय, कोण गोव्याच्या तिकिटाचे भाव सांगतोय. चहाच्या टपरीवर मला तर सगळे असं विचारत होते की जणू वेळापत्रक मीच छापतो.

त्या गर्दीत बाजारपेठेतले एक सिंधी आजोबा होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दुकान आता नातू बघतो. त्यांनी विचारलं, "पत्रकार, इथून कराचीचं विमान कधी सुटणार?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "आम्ही फाळणीला बोटीने आलो. मी सात वर्षांचा होतो. बोटीत दोन रात्री काढल्या एवढं आठवतं. आता किती वेळ लागतो तेवढं सांग."

मला सांगता येईना. दुबईला किती तास लागतात ते ठाऊक, सिंगापूर ठाऊक, लंडनसुद्धा ठाऊक. कराची नाही. म्हणून घरी येऊन हिशेब मांडला. तो मांडता मांडता जो इतिहास हाती लागला, तो तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी अंतर

मुंबई ते कराची सरळ हवाई अंतर साधारण ८७५ किलोमीटर. आपल्या नव्या विमानतळावरून मोजलं तर थोडं जास्त, पण नऊशेच्या आत. मुंबई ते बंगळूर आहे ८३० च्या आसपास. म्हणजे पहिलं विमान जितक्या लांबून आलं, जवळजवळ तितक्याच अंतरावर उलट्या दिशेला कराची आहे. दिल्ली त्याहून लांब, ११०० च्या वर.

नकाशावर मुंबईपासून कराचीपर्यंत पट्टी ठेवा. रेघ खंबातच्या आखाताच्या तोंडावरून सौराष्ट्रात शिरते, जामनगरच्या बाजूने कच्छचं आखात ओलांडते आणि कच्छच्या पश्चिम टोकावरून सिंधमध्ये उतरते. मध्ये डोंगर नाही, वाळवंट ओलांडायचं नाही. आजच्या जेट विमानाला हे अंतर म्हणजे दीड तासाच्या आसपासचं काम. वर चढायला वीसेक मिनिटं, उतरायला तेवढीच, मध्ये चहा द्यायलाही हवाईसुंदरीला घाई करावी लागेल. पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. म्हणजे इथून दहाला निघालात तर तिथल्या घड्याळात जेमतेम अकरा वाजलेले असतील.

हे झालं कागदावरचं. आता प्रत्यक्षात काय काय झालं ते बघू.

तेव्हा हा एकाच इलाख्यातला प्रवास होता

आपल्याला शाळेत हे कुणी नीट सांगत नाही, पण पनवेल आणि कराची ही जवळजवळ नव्वद वर्षं एकाच सरकारच्या कारभाराखाली होती. ब्रिटिशांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. तोवर कराचीच्या कलेक्टरचे कागद मुंबईलाच येत होते.

त्यामुळे माणसंही जात-येत होती. कारकून, मास्तर, वकील, व्यापारी. कराचीत आजही एक जुनी नामांकित शाळा आहे, एन. जे. व्ही. या नावाने. पूर्ण नाव नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल. वैद्य हे शिक्षणखात्यातले मराठी अधिकारी. १८५५ मध्ये सुरू झालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा. सिंधी भाषेची लिपी ठरवण्याच्या कामातही वैद्यांचा हात होता. फाळणी झाली, देश बदलला, शाळेवरचं मराठी माणसाचं नाव तसंच राहिलं.

उलट बाजूचं उदाहरण द्यायचं तर बार्टल फ्रिअर. हे १८५० ते १८५९ सिंधचे कमिशनर होते. १८५२ मध्ये त्यांच्या काळात सिंधमध्ये आशियातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट निघालं. त्याच १८५२ साली आपली पनवेल नगरपालिका स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग. पण पुढचा योगायोग नाही. हेच फ्रिअर नंतर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८६३ मध्ये बोरघाटातल्या रेल्वेचं उद्‍घाटन त्यांच्याच हातून झालं. त्या रेल्वेने पनवेलचं काय केलं ते पुढे सांगतो.

मुंबई-कराची प्रवास तेव्हा मुख्यतः बोटीचा. दोन दिवसांचा. रेल्वेने जायचं तर अहमदाबाद, मारवाड, जोधपूर, मुनाबाव करत हैदराबाद सिंध आणि तिथून कराची. मोठा वळसा, धूळ आणि गाड्या बदलणं. बोट सोयीची.

१५ ऑक्टोबर १९३२

१९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची हवाई टपाल सुरू केलं. युरोपातून येणाऱ्या विमानाला हिंदुस्थानात सगळ्यात आधी भेटणारं मोठं शहर कराची. म्हणून हवाई मार्गाने देशाचा दरवाजा कराची झाली, मुंबई नाही. लंडनचं पत्र कराचीला विमानाने येई आणि तिथून रेल्वेने रखडत पुढे जाई. निम्मं अंतर उडून यायचं आणि शेवटच्या टप्प्यात वेळ घालवायचा, हा प्रकार टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांना खटकला. त्यांनी योजना मांडली, जे. आर. डी. टाटांनी उचलून धरली.

आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडी एकटेच पुस मॉथ जातीचं छोटं विमान घेऊन निघाले. सोबत साधारण २५ किलो टपाल. एकच इंजिन, रेडिओ नाही, जमिनीवरून दिशा सांगणारं कुणी नाही. खाली किनारा दिसतोय तोवर वाट बरोबर. अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, विमानात ओतले गेले आणि ते पुन्हा उडाले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या धावपट्टीवर टेकले. तिथून पुढे मद्रासपर्यंतचं टपाल व्हिन्सेंट घेऊन गेले.

अहमदाबादच्या वळशामुळे अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर झालं. एकूण वेळ सव्वासात तास, त्यात अहमदाबादचा मुक्काम धरून. हा आकडा लक्षात ठेवा. सव्वासात तास. पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कराची, अहमदाबाद, मुंबई ही तिन्ही शहरं तेव्हा मुंबई इलाख्यातली. म्हणजे देशाच्या विमानसेवेची सुरुवात म्हणून आपण जे उड्डाण अभिमानाने सांगतो, ते त्या काळच्या हिशेबाने एकाच प्रांतातलं उड्डाण होतं. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. आज मुंबईहून नागपूरला जावं तसं.

मग रेघ मारली गेली

१९४७ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सिंधमधले हिंदू कराची बंदरातून बोटींनी मुंबईला आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये त्यांना ठेवलं, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. टपरीवरचे आजोबा त्यातलेच. इकडून तिकडेही माणसं गेली. आपल्या रायगड-रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमान कुटुंबांपैकी काहींचे भाऊ, काका, आत्या कराचीत आहेत. तिथे कोकणी लोकांची वस्तीच आहे.

पण एक गोष्ट लोक विसरतात. फाळणीने वाट लगेच बंद झाली नाही. विमानं होती, रेल्वे होती, बोटही चालू होती. लोक लग्नाला जात, मयताला जात, परत येत. खरी कुऱ्हाड पडली ती १९६५ च्या युद्धात. मुंबई-कराची प्रवासी बोट गेली ती गेलीच. मुनाबावकडची रेल्वेही तुटली. ती जोडायला चाळीस वर्षं लागली. २००६ मध्ये थार एक्सप्रेस सुरू झाली आणि २०१९ मध्ये पुन्हा थांबली.

आकाशाचंही तेच. १९७१ चं एक उदाहरण सांगतो, कारण विमानप्रवासाचं अंतर म्हणजे नेमकं काय हे त्याच्याइतकं कशानेच कळत नाही. ३० जानेवारी १९७१ ला आपलं 'गंगा' नावाचं विमान पळवून लाहोरला नेलं आणि दोन दिवसांनी तिथे जाळलं. भारताने लगेच पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हा पाकिस्तानचे दोन भाग होते, मध्ये अख्खा भारत. कराची ते ढाका सरळ अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. आता विमानाला खाली श्रीलंकेला जायचं, कोलंबोला पेट्रोल भरायचं आणि बंगालच्या उपसागरावरून वर ढाक्याला जायचं. साडेचार हजार किलोमीटरच्या वर. एका रात्रीत एकाच देशातली दोन शहरं एकमेकांपासून दुपटीने लांब गेली. त्याच वर्षाअखेर तो देश दोन झाला. त्याचं कारण विमानाचा वळसा नव्हे, कारणं मोठी होती. पण सैन्य, सामान, अधिकारी सगळं त्या वळशानेच न्यावं लागत होतं, हेही खरं.

दोन्ही देशांमधली विमानं पुन्हा सुरू व्हायला १९७६ उजाडलं.

म्हाताऱ्या वैमानिकाची दुसरी फेरी

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून जेआरडींनी तीच फेरी पुन्हा केली. वय ७८. विमान लेपर्ड मॉथ, जुन्याच घराण्यातलं. कराचीहून एकटेच उडाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. जग तोवर जंबो जेटमध्ये बसायला लागलं होतं.

या उड्डाणाबद्दल लिहिताना सगळे त्यांच्या वयाचं आणि हिमतीचं कौतुक करतात, ते योग्यच. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९८२ मध्ये, म्हणजे दोन मोठी युद्धं होऊन गेल्यावरही, एका भारतीय माणसाला छोट्या विमानातून कराचीहून मुंबईला उडत येता आलं. दोन्ही सरकारांनी परवानगी दिली. आज अशी परवानगी कुणी मागायलाही धजणार नाही.

मुंबई-कराची थेट विमान २०१७ पर्यंत होतं. पाकिस्तानची सरकारी कंपनी चालवत होती. मग तेही बंद झालं. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाशच बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं आधी खाली गुजरातकडे यायची आणि अरबी समुद्रावरून वळसा घालायची. त्या चार-साडेचार महिन्यांत भारतीय विमान कंपन्यांचं नुकसान सुमारे ५४८ कोटी रुपये झालं, त्यात एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी, असं सरकारने संसदेत सांगितलं. आकाशातून जाऊ देण्याचंही भाडं मिळतं, ते बुडाल्यामुळे पाकिस्तानचंही नुकसान झालंच.

आणि मग २०२५. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला आपण त्यांच्या विमानांना. तेव्हापासून दर महिन्याला दोन्हीकडून नोटीस निघते आणि मुदत पुढे सरकते. वर्ष संपत आलं तरी तेच चालू आहे.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर

तर आता हिशेब.

आज मुंबईहून कराचीला जायचं तर बहुधा दुबईवरून. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तीन तास. दुबई-कराची सुमारे १,१९० किलोमीटर, दोन तास. एकूण अंतर तीन हजार शंभरच्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. नुसतं हवेत पाच तास. मध्ये दुबईत थांबणं. सगळं अगदी जुळून आलं तरी सात-आठ तास, एरवी दहा-बारा.

१९३२ मध्ये एकट्या माणसाने, एका इंजिनावर, बैलगाडीतून आलेलं पेट्रोल भरून सव्वासात तास घेतले होते. त्र्याण्णव वर्षांनी, ताशी साडेआठशे किलोमीटरने उडणाऱ्या विमानात बसून आपण तेवढ्याच किंवा त्याहून जास्त वेळात पोहोचणार.

आणि हे सुद्धा व्हिसा असेल तर. एप्रिल २०२५ मध्ये आपण पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, अटारीची चौकी बंद केली. तेव्हा साध्या माणसासाठी खरं उत्तर असं की किती तास लागतात हा प्रश्नच उरलेला नाही.

गावातल्या एका मुस्लिम मित्राने सांगितलं की त्यांच्या नात्यातल्या दोन बहिणी, एक इकडची आणि एक कराचीची, शेवटच्या भेटल्या त्या दुबईत. एका पुतण्याच्या लग्नात. दोघींनी विमानाचं तिकीट काढलं, दोघी परक्या देशात उतरल्या, चार दिवस एका खोलीत राहिल्या आणि दोन दिशांना निघून गेल्या.

समुद्राच्या वाटेने गेलेले

या अंतराची सगळ्यात जास्त किंमत कोण मोजतं? विमानाने जाणारा नव्हे. आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे गरीब आदिवासी खलाशी. ते गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. मासे शोधता शोधता बोट समुद्रातली न दिसणारी हद्द ओलांडते, पाकिस्तानची सागरी सुरक्षा पकडते आणि माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. तिकडचे मच्छीमार असेच आपल्या तुरुंगात असतात. शिक्षा काही महिन्यांची, पण सुटका होते ती दोन्ही सरकारांचं मन होईल तेव्हा.

सुटले की परत कसे येतात माहीत आहे? कराचीहून रेल्वेने लाहोर. तिथून वाघा. सीमा पायी ओलांडायची. अमृतसर. आणि तिथून पुन्हा रेल्वेने खाली गुजरात, मग आपला महाराष्ट्र. तीन हजार किलोमीटरच्या वर. समुद्राने गेले तेव्हा घरापासून काही तासांच्या अंतरावर पकडले गेले होते. परत येताना पंजाब बघून येतात.

२०२४ मध्ये पालघरचा एक खलाशी त्याच तुरुंगात वारला. त्याचा देह घरी पोहोचायला महिन्याहून अधिक काळ गेला. ८७५ किलोमीटर.

दुसरी बाजूही आहे

आता कुणीतरी खाली लिहिणारच, की पत्रकारसाहेब, फार पुळका आलाय. म्हणून मीच लिहितो.

१९९३ मध्ये स्फोटकं उतरली ती आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला. २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण कराचीहूनच समुद्रमार्गे निघाले, वाटेत आपली मासेमारी बोट पळवली आणि मुंबईत उतरले. १६६ माणसं गेली. तेव्हा हे अंतर किती कमी आहे ते आपण वाईट पद्धतीने शिकलो. सरकार सावध राहणारच, राहायलाच हवं. उद्या सकाळी नव्या विमानतळावरून कराचीचं विमान सोडा असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच की जो अतिरेकी आला तो तिकीट काढून विमानाने आला नाही. आणि जो तिकीट काढून, व्हिसा घेऊन, दोन्ही पोलिसांकडे नोंद करून येत होता, तो म्हातारा, ती बहीण, त्यांची वाट मात्र बंद झाली. आकाश बंद केल्याने नेमकं कोण अडलं आणि कोण अडलं नाही, हे एकदा थंड डोक्याने मोजायला काय हरकत आहे? २०१९ च्या नुकसानाचा आकडा संसदेत मांडला गेला. या माणसांचा आकडा कुणी कुठे मांडत नाही.

यात पनवेलचा संबंध काय?

संबंध आहे. वाट बंद झाली की गावाचं काय होतं, हे पनवेलइतकं कुणाला ठाऊक असणार?

रेल्वे यायच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचं तर पनवेलवरून. मुंबईत बोटीत बसायचं, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून पनवेल बंदराला लागायचं, आणि पुढे घोडा, पालखी नाहीतर गाडी करून बोरघाट. १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता झाला तशी वर्दळ वाढली. बंदर, धर्मशाळा, गाडीवान, तांदूळ आणि मिठाचा व्यापार, हे सगळं त्या वाटेवर पोसलेलं.

मग रेल्वे कल्याण-कर्जतवरून गेली. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे प्रवासी पनवेलला यायचाच बंद झाला. मुंबई तिथेच, पुणं तिथेच, पनवेलही तिथेच. एक इंचही कुणी हललं नाही. पण ज्याच्या-त्याच्या वाटेवर असणारं गाव बाजूला पडलं. आपल्याकडे रेल्वे आली ती त्यानंतर शंभर वर्षांनी, दिव्यावरून. खाडी गाळाने भरत गेली, बंदराचं नाव फक्त पत्त्यात उरलं.

आता चक्र उलटं फिरलंय. द्रुतगती मार्ग झाला, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, आणि आता विमानतळ. त्यासाठी उलव्याचा डोंगर सपाट केला, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, ओवळे, वाघिवली, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे… ही नावं आता पाटीवर शोधावी लागतात. एवढं मोजून आपण जगाशी जवळीक विकत घेतली. ती जवळीक किती खरी, हे फक्त धावपट्टीच्या लांबीवर ठरत नाही. ३,७०० मीटरची धावपट्टी आहे आपली, जगातलं कुठलंही मोठं विमान उतरेल. पण विमान कुठे जाणार आणि किती वेळात जाणार, हे इंजिन जेवढं ठरवतं तेवढंच दोन राजधान्यांमधल्या कचेऱ्या ठरवतात.

अंतर किलोमीटरमध्ये लिहितात खरं. ते मोजावं लागतं तासांत, पैशांत आणि परवानगीत. पहिला आकडा कधी बदलत नाही. बाकीचे तीन माणसं बदलतात, म्हणून ते पुन्हाही बदलू शकतात. १९७१ ला बंद झालेलं आकाश १९७६ ला उघडलं होतं. १९६५ ला तुटलेली रेल्वे २००६ ला जोडली होती. या इतिहासात कायमचं बंद असं अजून काही झालेलं नाही, कायमचं उघडं असंही नाही.

परवा आजोबांच्या दुकानात गेलो. हिशेब सांगितला. सरळ गेलं तर दीड तास, दुबईवरून दहा-बारा, आणि कागद मिळत नाहीत म्हणून सध्या अजिबात नाही.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग नातवाला म्हणाले, "बघ, आमची बोट बरी होती. दोन रात्री लागल्या, पण पोचलो."

तुमच्या घरात कुणी मुंबई-कराची बोटीने, रेल्वेने किंवा विमानाने गेलं-आलं असेल तर खाली लिहा. कुणाकडे जुनं तिकीट, पत्र, फोटो असेल तर जपून ठेवा. ज्यांनी तो प्रवास केला ती माणसं आता मोजकीच उरली आहेत.